काळी पाचवरून पांढरी पाचवर

सलग बारा वर्षं मी संगीत नाटकांतून कामं केली. हौशी संस्था, राज्य नाट्य स्पर्धा, गणेशोत्सव, आणि हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग असला की तो माझ्या सोलापूरकरांसमोरचा, घरचा. ‘सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आलं, त्यातली सुभद्रा करताना आजही बाईचं सोनं होतं. ती मी काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी ‘सा’ धरून गायचे, कारण माझ्या गाण्याच्या बाई काळी पाचमध्येच गायच्या. माझ्या गळ्याला ती पट्टी सोसते का, हे कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

एका एप्रिलमध्ये रोज रात्री साडेनऊला तालीम असायची. कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन जायचं, बारापर्यंत गायचं, घरी येऊन लगेच आडवं व्हायचं. सकाळी घसा खरखरायचा. आधी तासाभरात आवाज मोकळा व्हायचा, मग त्याला दुपार व्हायला लागली. आणि एका प्रयोगात तार षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, आवाज लागलाच नाही, नुसती हवा आली. ऑर्गनवर साथीला असलेल्या काकांनी तो स्वर तसाच धरून ठेवला. माझी जागा त्यांनी भरून काढली, हे मी कधी विसरणार नाही.

पुढचे दोन महिने मी वाया घालवले. ज्येष्ठमध, हळद-मध, गुळण्या. एका ज्येष्ठांनी सांगितलं, “रियाज कमी पडतोय, खर्ज लाव.” मी पहाटे चारला उठून, बसलेल्या आवाजावर खर्ज, म्हणजे अगदी खालचे सूर, लावत राहिले. आजही कुणी असा सल्ला देताना ऐकलं की माझा जीव कळवळतो. दोन-तीन आठवड्यांत घोगरेपणा गेला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतू बघून घ्यावेत. गाणाऱ्यांनी तर त्याआधीच.

शेवटी गेले. दुर्बीण आत गेली आणि पडद्यावर माझा आवाज मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. मोत्याच्या रंगाच्या दोन पट्ट्या, चिमट्यासारख्या उघडमीट करणाऱ्या. त्यांच्या पुढच्या भागात, दोन्ही बाजूंना समोरासमोर, मोहरीएवढ्या गाठी. पट्ट्या मिटल्या तरी गाठींमुळे मध्ये फट राहत होती, त्यातून हवा निसटत होती. डॉक्टर म्हणाले, “चपलेनं पायाला घट्टा पडतो ना, तसंच.” काळी पाचचा तार षड्ज म्हणजे सेकंदाला साधारण ४६६ वेळा त्या पट्ट्या एकमेकींवर आपटणार. वर्षानुवर्षं मी जोरानं आपटत होते.

ऑपरेशनची घाई नको, आधी व्हॉइस थेरपी, असं ठरलं. सुरुवातीला पाच दिवस पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानंही घशावर ताण येतो. मुलाची जुनी पाटी गळ्यात अडकवल्यासारखी दिवसभर जवळ. भाजीवाल्या मावशींनी पाटीवरचं ‘मेथी’ वाचून न मागता जास्तीची जुडी घातली आणि मला तिथंच रडू आलं.

मग दर पंधरा दिवसांनी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला थेरपिस्टकडे. त्यांनी पहिल्याच दिवशी ग्लासभर पाणी आणि एक स्ट्रॉ पुढे ठेवली. स्ट्रॉचं टोक पाण्यात बुडवून ‘ऊ’ म्हणायचं, बुडबुडे एकसारखे यायला हवेत. ओठांशी वाट अरुंद झाली की मागे हवेचा दाब राहतो आणि स्वरतंतू कमी आपटून हलतात. अमेरिकेतले आवाजाचे शास्त्रज्ञ इंगो टिट्झ यांनी यावर बरंच काम केलं आहे. ऑपेराचे गायक माइकशिवाय अख्ख्या वाद्यवृंदाच्या वर ऐकू येतात ते कसं, हेही मला तिथंच कळलं. नुसता जोर नसतो तो. घशाच्या आणि तोंडाच्या पोकळीला असा आकार देतात की ३००० हर्ट्झच्या आसपास आवाजाला धार चढते. आमची नाटकंही एके काळी माइकशिवाय व्हायची. उंच पट्टीचा हट्ट तिथूनच आला असावा, असं मला वाटतं.

घशाशी आम्ल येऊ नये म्हणून रात्रीचं जेवण साडेसातला आलं. शेंगाचटणी दुपारीच. साडेचार महिन्यांनी गाठी जवळजवळ विरल्या, आवाज परत आला, पण पांढरी पाचमध्ये, खालच्या पट्टीत. काळी पाचमध्ये अख्खं नाटक पेलणं आता धोक्याचं होतं. सुभद्रेचा शालू मी एका तरुण मुलीच्या हातात दिला. त्या रात्री झोप आली नाही.

शिकवायला लागले ते त्यानंतर, जुळे सोलापुरात घरीच, सहा मुली घेऊन. त्यातली एक पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी, आई विड्या वळणारी. पोरीची समज तल्लख, पण पंचमाच्या वर गेली की मानेची शीर टरारून फुगायची. मी पट्टी उतरवली, स्ट्रॉ दिली, तरी संध्याकाळपर्यंत आवाज घोगरा. एक दिवस तिच्या घरी गेले तेव्हा उलगडा झाला. भिंतीपलीकडे यंत्रमाग. त्या खडखडाटात घरातली सगळी माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात, आणि ते त्यांना जाणवतही नाही. ताण गाण्यात नव्हता, बोलण्यात होता.

“ताई, मग मी घरी बोलायचंच नाही का?” तिनं विचारलं. मी म्हटलं, बोल, पण जवळ जाऊन बोल. दुसऱ्या खोलीतून हाक मारू नकोस, उठून जा.

आई लगेच म्हणाली, “मी पण उठून येत जाईन की.”

तीन महिने दोघींनी ते पाळलं. मागच्या गुरुवारी पोर पांढरी पाचमध्ये भूप राग गायला बसली. तार षड्जावर गेली, थांबली, तिथंच श्वास संपेपर्यंत राहिली. मी तिच्या मानेकडे बघत होते. शीर दिसली नाही.