फोटो खोटा, गुन्हा खरा

“पोलिसात नको मॅडम, बदनामी होते. पोरगी जेवून नाही राहिली, तुम्ही फक्त तिला समजवा.”

नागपुरात मानेवाड्याकडच्या एका शाळेत मी समुपदेशक आहे. 2023 च्या जुलैत हे वडील माझ्यासमोर बसले होते. नववीतल्या त्यांच्या मुलीला सोशल मीडियावर एक अनोळखी खातं धमकावत होतं. तिचा चेहरा कुणाच्या तरी उघड्या अंगावर जोडलेला, आणि ‘बोलली नाहीस तर वर्गात पाठवतो’ असे मेसेज. वडील चॅट पुसायलाच निघाले होते. त्यांना थांबवलं. मेसेज, खात्याचं नाव, लिंक, तारखा, सगळं तसंच राहू द्या, पुरावा तोच आहे. फोटो मात्र कुणालाही पाठवू नका, मलासुद्धा नाही.

तक्रार करावी की नाही, हा प्रश्न आता उरलाच नव्हता. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, त्याच्या कलम 19 प्रमाणे असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. वडील चिडले. त्यांची भीती मला कळत होती, तरी मी मागे हटले नाही, कारण घरच्यांच्या गप्प बसण्यावरच धमकावणाऱ्याचं फावतं.

मुलगी इतका वेळ खाली मान घालून होती. मग म्हणाली, “मॅडम, फोटो तर माझा नाहीच आहे. मग गुन्हा कसा?”

मी तिला कलम 11 वाचून दाखवलं. मुलाच्या शरीराचं खरं किंवा बनावट चित्रण वापरण्याची धमकी देणं हा लैंगिक छळ आहे, असं 2012 च्या या कायद्यात स्पष्ट लिहिलंय. तिने ते पुन्हा वाचायला लावलं.

जबाब घ्यायला महिला उपनिरीक्षक तिच्या घरी आल्या, सलवार-कमीजमध्ये. आजीला वाटलं, शाळेतल्या बाई आल्या. मुलाचा जबाब घेताना पोलिसाने गणवेशात नसावं, जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथे घ्यावा, हे कलम 24 सांगतं. ही तरतूद कुणी लिहिली असेल त्याला मुलं कळत होती, असं मला मनापासून वाटतं. फोटोची तक्रार सोशल मीडिया कंपनीकडेही गेली. 2021 च्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियमांत असा फोटो हटवायला तेव्हा 24 तासांची मुदत होती, तेवढ्यात तो हटला.

ऑस्ट्रेलियात 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवता येत नाही. आपल्याकडेही तसंच करा, असं पालक मला सांगतात. पण या मुलीनेही खोटं जन्मवर्ष टाकूनच खातं उघडलं होतं. आहेत ते कायदे मुलांपर्यंत पोचवणं मला जास्त निकडीचं वाटतं.

म्हणून मुख्याध्यापकांकडून नववीचा एक तास मागून घेतला. मुलं-मुली एकत्र. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “मॅडम, ग्रुपवर आलेला असा फोटो नुसता पुढे पाठवला तर?”

“तोही गुन्हाच. आयटी कायद्याचं कलम 67ब. मोठ्या माणसाला पहिल्याच वेळी 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाखांपर्यंत दंड. तुझ्या वयाच्या मुलाला बाल न्याय मंडळापुढे उभं राहावं लागतं.”

तास संपल्यावर तोच मुलगा माझ्या खोलीपर्यंत आला. त्याला त्याच्या ग्रुपबद्दल काही सांगायचं होतं.