जाळरेषा, गवत आणि पाणवठा

ताडोब्याला मी गेली अकरा वर्षे जातो आहे. त्यांतल्या पहिल्या चार-पाच खेपा निव्वळ वाघाच्या मागे धावण्यात गेल्या. एका फेब्रुवारीत मोहर्लीच्या फाटकातून आत शिरल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना जळालेले काळेभोर पट्टे दिसले आणि जंगलाला वणवा लागून गेला, असे समजून मी हळहळू लागलो. गाईडने शांतपणे सांगितले, "वणवा नव्हे सर, जाळरेषा आहे ही."

चंद्रपूरकडचे जंगल पानझडीचे; होळीच्या सुमारास सागाची ताटाएवढी पाने खाली पडून कुरकुरीत वाळतात आणि बांबूही सुकलेला असतो, त्यामुळे एक ठिणगी पुरते. म्हणून उन्हाळा तापण्याआधीच रस्त्यांच्या आणि हद्दीच्या कडेने ठरावीक रुंदीचे पट्टे झाडून, कापून, माणसांच्या पहाऱ्यात जाळून घेतात. पुढे खरी आग लागली, की या पट्ट्यापाशी तिला खायला काही उरत नाही. वाऱ्याने पुन्हा पाला येऊन पडतो आणि तोच पट्टा पुन्हा झाडावा लागतो, हे मात्र सफारीच्या जिप्सीतून दिसत नाही. जंगलातल्या बहुतेक आगी माणसाच्या हातून लागतात. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही कोणी काडी लावतो. मोहाच्या चार पायल्यांवर ज्याचे दोन महिने निघतात, त्याला नुसता दोष देऊन आपण शहरात परतावे, हे मला पटत नाही.

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, शेजारचे अंधारी अभयारण्य १९८६ साली घोषित झाले आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचे आहे; बफर, म्हणजे गाभ्याभोवतीचा पट्टा, धरला तर एकूण विस्तार सतराशेच्या वर जातो.

या विस्तारात मला सर्वांत शिकवून गेली ती जामणी आणि नवेगावची कुरणे. तिथे पूर्वी गावे होती. गावे पुनर्वसनाने बाहेर गेल्यावर शेते ओस पडली, पण ओस पडलेले शेत आपोआप कुरण होत नाही, हे मला ठाऊक नव्हते. आधी तिथे तरोटा आणि रानतुळस माजते, जिला चितळ तोंडही लावत नाही. हे तण फुलावर येण्याआधी, म्हणजे ऐन पावसाच्या चिखलात, हातांनी उपटावे लागते. एकदा बी पडले की वर्ष वाया गेले. मग मारवेल, पवन्या यांसारख्या गवतांना जागा मिळते, गवतामागे चितळ आणि रानगवे येतात आणि त्यांच्यामागे वाघ. जामणीच्या कुरणात वाघ दिसला म्हणून आपण ज्याला नशीब म्हणतो, त्यात कित्येक मजुरांची कंबर मोडलेली असते. ज्यांची घरे तिथून उठली, त्यांचाही वाटा त्यात आहेच.

नियमांविषयी पर्यटकांची कुरकुर मी दर खेपेस ऐकतो, आणि एके काळी मीही ती केली आहे. मंगळवारी सफारी बंद, पावसाळ्यात गाभा बंद, मोबाइल आत न्यायचा नाही, गाडीतून खाली उतरायचे नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गाभ्याच्या २० टक्क्यांहून अधिक भागात पर्यटन नेता येत नाही. हे ऐकून सोबतचे एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे ऐंशी टक्के जंगल आपल्यापासून लपवलेले!" माझ्या मते तो ऐंशी टक्के भागच तिकिटाचा खरा मोबदला आहे. मोबाइलबंदी तर मला मनापासून आवडते. वाघ दिसल्याची खबर फोनवरून फिरली, की वीस गाड्या कशा धावतात, ते मी बफरमध्ये पाहिले आहे, आणि त्यांतल्या एका गाडीत मी स्वतः होतो.

त्या ऐंशी टक्क्यांत वनरक्षक पायी फिरतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोलारा परिक्षेत्रात व्याघ्रगणनेसाठी खुणांची पाहणी करत चालताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्या दिवसापासून "आज काहीच दिसले नाही" हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

मागच्या बुद्धपौर्णिमेला बफरमधल्या एका पाणवठ्यावर मचाणात रात्र काढली. सौरपंपाची बारीक धार रात्रभर वाजत होती. दोन अस्वले आली, रानडुकरांचा कळप आला, आणि पहाटेच्या अंधारात काहीतरी पाणी पिऊन गेले, जे आम्हाला दिसलेच नाही. उजाडल्यावर बीटचा वनरक्षक आला. त्याने आधी पाण्याकाठी वाकून मेलेले पक्षी किंवा मासे आहेत का ते पाहिले, कारण पाण्यात विष कालवण्याची भीती उन्हाळ्यात कायम असते. मग काठाशी मुद्दाम पसरलेल्या बारीक मातीवरचे ठसे वहीत नोंदवले. तिथे वाघिणीचे ठसे होते. ती आमच्यापासून तीस पावलांवर येऊन गेली होती. मी ते डोळे भरून पाहत असतानाच त्याने पळसाची फांदी घेतली आणि सगळी माती सारखी करू लागला. "राहू द्या ना थोडा वेळ," मी म्हणालो.

"पुसावंच लागते जी," तो हात न थांबवता म्हणाला. "नाही तं उद्या आली का नाही आली, कसं समजन?"