बाबांनी जपान्याची बाजू घेतली

बुधवार, रात्री साडेअकरा

पावसामुळे मॅच रद्द झाली आणि बाबा रिमोट घेऊन नुसतेच बसून होते. म्हटलं, 'हेल इन द पॅसिफिक' लावू. १९६८चा, जॉन बूरमनचा. कॉलेजात मित्राच्या खोलीवर पाहिला होता, पण दुसरी सीडी अडकली आणि आम्ही भुर्जी-पाव खायला निघून गेलो. राहिला तो राहिलाच.

अख्ख्या सिनेमात माणसं दोनच. दुसऱ्या महायुद्धात निर्जन बेटावर अडकलेला अमेरिकन वैमानिक, म्हणजे ली मार्व्हिन, आणि जपानी नौदलाचा अधिकारी तोशिरो मिफुने. हा इंग्रजीत शिव्या घालतो, तो जपानीत ओरडतो, आणि खाली सबटायटल्स नाहीत. इंग्रजी कळणाऱ्याचं मन नकळत मार्व्हिनकडे झुकतं, माझंही झुकलं. एरवी दर दोन मिनिटांनी 'काय म्हणाला?' विचारणाऱ्या बाबांनी मात्र आज एकदाही विचारलं नाही. त्यांना दोघंही सारखेच परके.

पहिलं भांडण पाण्यावरून. जपान्याने साठवलेलं पाणी मार्व्हिन चोरायला येतो, तसे बाबा आरामखुर्चीतून पुढे सरकले. "त्याचं पाणी आहे ते! त्याने साठवलंय!" टँकरच्या पैशांवरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये लागतो तोच आवाज.

मग जपानी त्याला पकडतो, दोन्ही हात ओंडक्याला बांधून वाळूत चालायला लावतो. पुढे फासे पलटतात आणि तोच ओंडका जपान्याच्या खांद्यावर येतो. शेवटी मार्व्हिन त्याला सोडून देतो. दया वगैरे नाही, मला तरी तो कंटाळलेला वाटला. या सिनेमातली सगळ्यात खरी गोष्ट हीच.

एवढ्यात भाची क्लासहून आली. डिसेंबरात जपानी भाषेची एन-फोर परीक्षा देणार आहे. मिफुनेची वाक्यं भराभर मराठीत सांगायला लागली. बाबांनी हात वर केला. "तू गप बस गं. कळतंय आम्हाला." बिचारी खट्टू होऊन आत गेली.

मार्व्हिन खरोखरच अमेरिकेचा मरीन सैनिक होता, १९४४ साली सायपानच्या लढाईत जखमी झालेला. मिफुनेही त्याच युद्धात जपानी सैन्यात होता. हे सांगितल्यावर बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "शूटिंगला एका पंगतीत जेवत असतील का रे?"

तराफा बांधून दोघं दुसऱ्या बेटावर पोचतात. तिथला तळ बॉम्बने उद्ध्वस्त झालेला. दाढ्या करतात, साके पितात, आणि जपान्याच्या हाती 'लाइफ' मासिक लागतं. त्यात मेलेल्या जपान्यांचे फोटो. इतके दिवस भाषा कळत नव्हती म्हणून निभावलं; फोटो लगेच कळले. भांडण, मग एकदम स्फोट, संपलं.

बूरमनचा मूळ शेवट वेगळा होता, स्फोट नाही, दोघं नुसते आपापल्या वाटेने निघून जातात, असं मी म्हणालो.

"तेच बरं होतं," म्हणत बाबा उठले. उद्या गुरुवार, पाणी बंद. दोन्ही पिंप भरून त्यांनी झाकणं लावली आणि एका झाकणावर वरवंटा ठेवला.