यिर्मयाच्या शहरातली राख

जुन्या यरुशलेमच्या डंग गेटमधून बाहेर पडून उतार धरला की थोड्याच वेळात दावीदनगर, म्हणजे जुन्या यरुशलेमच्या उत्खननाची जागा, लागते. तिकीट काढून बहुतेक लोक थेट हिज्कीया राजाच्या बोगद्यातल्या पाण्यात चालायला पळतात. मी यिर्मयासाठी आलो होतो, हे शहर जळणार असं बजावणाऱ्या बायबलमधल्या संदेष्ट्यासाठी. उतारावरच्या 'एरिया जी' या उत्खननापाशी थांबलो आणि दुपारपर्यंत तिथून हललो नाही.

समोर किद्रोनची खोल दरी, पलीकडे सिल्वानची एकावर एक चढलेली घरं. पायाशी, पायऱ्यापायऱ्यांच्या प्रचंड दगडी बांधाला टेकून अहीएलचं घर. (हे नाव तिथल्या खापरांवर लिहिलेलं मिळालं.) घरातल्या एका अरुंद खोलीत भोक पाडलेलं दगडी शौचासन आहे. त्याखालच्या खड्ड्यातला गाळ अभ्यासकांनी तपासला, तेव्हा त्यात जंतांची अंडी आणि पालेभाज्यांचे पराग निघाले. वेढ्यात कोंडलेली माणसं हाताला लागेल तो पाला आणि धड न शिजलेलं मांस खात असावीत, असं त्यांचं म्हणणं. तलवार, दुष्काळ आणि मरी, असं यिर्मया पुन्हा पुन्हा बजावत होता. हे शब्द मी लहानपणापासून चर्चमध्ये ऐकलेत, पण त्यामागची भूक मला पहिल्यांदा इथे दिसली.

शेजारीच 'जळकी खोली'. इ.स.पू. 586 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने शहर पेटवलं, तेव्हाचं कोळसा झालेलं लाकडी सामान तिथे सापडलं. बाणांची टोकंही मिळाली.

भाकीत खरं ठरल्याचा पुरावा म्हणून लोक जळालेली शहरं दाखवतात. पण शहरं पुष्कळ जळतात. माझ्या लेखी खरा पुरावा माणसांचा आहे, आणि तो याच उतारावर मिळालाय.

1982 मध्ये पुरातत्त्वज्ञ यिगाल शिलो यांच्या चमूला इथे 51 मातीच्या मुद्रा सापडल्या. तेव्हा पपायरसची गुंडाळी दोऱ्याने बांधायचे, गाठीवर ओल्या मातीचा गोळा दाबायचे आणि त्यावर शिक्का उठवायचे. आगीत सगळे कागद गेले, माती मात्र भाजून पक्की झाली. त्यातल्या नखाएवढ्या एका गोळ्यावर नाव आहे: शाफानाचा मुलगा गमऱ्या.

बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकाच्या छत्तिसाव्या अध्यायात हा माणूस भेटतो. यिर्मयाचा लेखनिक बारूख याने त्याची गुंडाळी लोकांना वाचून दाखवली ती मंदिरातल्या याच गमऱ्याच्या दालनात. पुढे ती राजा यहोयाकीमसमोर गेली. थंडीचे दिवस, पुढ्यात शेगडी. तीनचार रकाने वाचून झाले की राजा चाकूने तेवढा भाग कापून निखाऱ्यांत टाकायचा. जाळू नका, म्हणून विनवणाऱ्या तिघांत गमऱ्या होता. राजाने ऐकलं नाही. जी आग त्या गुंडाळीत लिहिली होती तिनेच अठराएक वर्षांनी गमऱ्याचं नाव भाजून टिकवलं. हे कळल्यापासून तो अध्याय मला शांतपणे वाचता येत नाही.

विरोधकही सापडले. यिर्मया सैनिकांचं धैर्य खचवतोय, त्याला मारा, असं राजा सिद्कीयाला सांगणाऱ्या सरदारांत शलेम्याचा मुलगा यहूकल आणि पशहूरचा मुलगा गदल्या होते. त्यांनीच यिर्मयाला चिखलाच्या विहिरीत सोडलं. पुरातत्त्वज्ञ एलात मझार यांना 2005 मध्ये यहूकलची मुद्रा मिळाली, आणि पुढे काही वर्षांत, तिथून जेमतेम काही मीटरवर, गदल्याची.

रात्री मुक्काम लोदला, मित्राच्या आजींकडे. त्या मूळच्या पेणच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. मी दिवसभर काय पाहिलं ते सांगितलं, तर म्हणाल्या, "अरे, मंदिर पडलं त्या दिवसाला आम्ही बिरड्याचा सण म्हणायचो. उपास सोडायला वालाचं बिरडं. इथे सगळे तिशा बआव म्हणतात, पण माझ्या तोंडी बिरडंच येतं." बाबेलने लावलेल्या आगीचं सुतक कोकणात वालाच्या बिरड्याने पाळलं जात होतं, आणि मला महाराष्ट्रात राहून ते ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लाखीश, यहूदा राज्याचं जुनं तटबंदीचं नगर. गाडी असेल तरच जा. टेकाडावर वेशीचे अवशेष बघताना सावली नाही, पाणी भरपूर न्या. वेशीतल्या खोलीत, जळक्या थरात, जेम्स स्टार्की यांना 1935 मध्ये खापरांवर शाईने लिहिलेली लष्करी पत्रं मिळाली. यिर्मया 34:7 म्हणतं की यहूदाच्या तटबंदीच्या नगरांपैकी लाखीश आणि अजेका एवढीच उरली होती. चौथ्या पत्रात चौकीवरचा माणूस कळवतो की आम्ही लाखीशच्या खुणेच्या जाळाकडे डोळे लावून आहोत, अजेका दिसत नाही.

शंका घेणारे विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे, की हे इशारे शहर पडल्यावर मागाहून लिहिले नसतील कशावरून? गमऱ्याची मुद्रा याचं उत्तर देत नाही. उत्तराच्या सर्वांत जवळ जातं ते इथलंच तिसरं पत्र. राजाच्या एका सेवकाकडून आलेल्या चिठ्ठीचा त्यात उल्लेख आहे. ती चिठ्ठी संदेष्ट्याकडची आणि तिची सुरुवात "सावध!" अशी. संदेष्ट्याचं नाव दिलेलं नाही. तो यिर्मयाच, असं मी म्हणणार नाही. पण लाखीशची वेस जळण्याआधी एका संदेष्ट्याचा इशारा सैन्याच्या पत्रव्यवहारात फिरत होता, आणि तो त्याच आगीच्या राखेखाली सापडला.