तुम्ही विचारलेत म्हणून: माळ्यावरच्या संगणकावर लिनक्स चालेल का?

नागपूरच्या प्रतापनगरातील माझ्या घरी कोणी आले की चहा होईपर्यंत त्यांची नजर टेबलाखालच्या काळ्या कॅबिनेटवर जातेच. 2008 च्या दिवाळीत सीताबर्डीवरच्या एका दुकानातून असेंबल करून घेतलेला तो संगणक आहे. त्यात इंटेलचा कोअर 2 ड्युओ ई4500 हा 2.2 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि जी31 चिपसेटचा मदरबोर्ड असून त्यावर मी रोज पाच-सहा तास भाषांतराचे आणि मुद्रितशोधनाचे काम करते. त्यावर डेबियन 13, म्हणजे लिनक्स या विंडोजला पर्याय असलेल्या मोफत कार्यप्रणालीचे 9 ऑगस्ट 2025 रोजी प्रसिद्ध झालेले एक वितरण (वापरायला तयार संच) चालते, असे सांगितले की पाहुणे आधी हसतात आणि निघताना चपला घालता घालता विचारतात, “काकू, आमच्या माळ्यावरही एक पडला आहे, त्यावर चालेल का हो?” हा प्रश्न इतक्या वेळा आला आहे की उत्तर एकदा नीट लिहून ठेवावे असे वाटले. (शेजारच्या काकांचा प्रश्न निराळा असतो: “कायले जीव लावता जी त्या डब्याले?” त्याचे उत्तर मी अजून दिलेले नाही.)

लिनक्स सुरू होईल की नाही, ही शंका तुम्ही सोडून द्या, बहुधा होईल. अडते ते ब्राउझरपाशी. माझ्याकडे लॉगिन केल्यावर डेस्कटॉपसकट साधारण 600 एमबी मेमरी वापरात दिसते. फायरफॉक्स उघडून त्यात एखाद्या मराठी दैनिकाचे पान लावले की तोच आकडा 1.3 जीबीच्या पुढे जातो, आणि पानाच्या कोपऱ्यातला जाहिरातीचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला की कॅबिनेटमधल्या पंख्याचा सूरच बदलतो. 2008 साली हेच यंत्र 1 जीबी मेमरीवर निवांत चालत असे. प्रोसेसर म्हातारा होऊन मंदावला, असे लोक म्हणतात ते खरे नाही. तो पहिल्या दिवशी सेकंदाला जेवढे काम करीत होता तेवढेच आजही करतो. वजन पानांचे वाढले आहे. म्हणून मी उलट विचारते, की या संगणकावर तुम्ही नक्की करणार काय? पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे, पीडीएफ वाचणे, गाणी ऐकणे एवढेच असेल, तर फार विचार करण्याचे कारण नाही. दिवसभर व्हिडिओ पाहायचे असतील किंवा मुलांचे ऑनलाइन वर्ग करायचे असतील, तर मात्र पुढचे सगळे वाचूनच माळ्यावर चढा.

पहिली तपासणी प्रोसेसर 64-बिटचा, म्हणजे माहिती मोठ्या तुकड्यांत हाताळणारा, आहे की जुन्या 32-बिट प्रकारचा याची. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, ‘एलएससीपीयू’ (lscpu) ही आज्ञा दिली की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच उत्तर दिसते. तिथे केवळ 32-बिट असे आले, तर दारे एकेक करून बंद होत आहेत हे समजून घ्यावे. क्रोमने 32-बिट लिनक्स 2016 मध्येच सोडले, डेबियनच्या 13 व्या आवृत्तीत 32-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर उरला नाही, आणि फायरफॉक्सची 32-बिट लिनक्सवर चालणारी शेवटची नियमित आवृत्ती 144 ही ठरली. यात कोणाचा दुष्टपणा नाही. इंटेलच्या ज्या 386 प्रोसेसरवर लिनस टोरव्हाल्ड्स यांनी 1991 मध्ये लिनक्स लिहायला घेतले, त्या 386 चा आधारही कर्नेलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, 2013 मध्ये 3.8 या आवृत्तीत काढून टाकला होता.

64-बिट असूनही एक फट राहते, आणि तिच्यात मी स्वतः अडकले होते. सगळ्याच नव्या लिनक्स वितरणांना सगळे 64-बिट प्रोसेसर चालत नाहीत. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स या कंपन्यांसाठीच्या वितरणाची 9 वी आवृत्ती 2022 मध्ये आली, तेव्हापासून तिला एसएसई 4.2 आणि पॉपकाउंट या सूचना (प्रोसेसरला द्यायच्या मूलभूत आज्ञा) समजणारा प्रोसेसर लागतो, आणि इंटेलकडे त्या सूचना 2008 च्या अखेरीस आलेल्या नेहेलम पिढीपासून आहेत. माझा कोअर 2 ड्युओ त्याच्या आदल्या पिढीतला असल्यामुळे तिच्या कुळातल्या एका वितरणाची पेनड्राइव्ह लावल्यावर पडदा काळा झाला तो काळाच राहिला, आणि मी दोन दिवस बिचाऱ्या पेनड्राइव्हला दोष देत बसले. डेबियनने आपली 64-बिट आवृत्ती अजून मूळ सूचनांवरच ठेवली आहे, म्हणून मी तिथे स्थिरावले. विंडोज 11 चे दार तर टीपीएम 2.0 या सुरक्षा-चिपच्या अटीमुळे याहून बरेच पुढे आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपल्यापासून माझ्याकडे येणारे जे लॅपटॉप आहेत, ते बहुतेक 2013 ते 2016 मधले असतात. माझ्या हिशेबाने ती पोरे आहेत, त्यांच्यावर बहुतेक कोणतेही लिनक्स चालेल.

मग जुनी विंडोज एक्सपीच का ठेवली नाही, असाही उपप्रश्न असतो. एक्सपीचा आधार एप्रिल 2014 मध्ये संपला आणि आजच्या प्रमुख ब्राउझरांपैकी कोणाचीही चालू आवृत्ती तिच्यावर बसत नाही, हे कारण पुरेसे आहेच. माझे कारण मात्र मराठीचे होते. एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांच्या फाइली सीडी टाकून वेगळ्या बसवाव्या लागत, आणि त्या बसवल्यावरही ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ या शब्दांतला अर्धा र नीट उमटेल याची मला कधी खात्री वाटली नाही. रोज मुद्रिते तपासणाऱ्या बाईने ही धाकधूक किती दिवस सोसावी? आता त्याच यंत्रावर, त्याच कीबोर्डवर इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळमांडणीने टंकन करते आणि लिबरऑफिसमध्ये दोनशे पानांचे पुस्तक उघडे असले तरी अक्षर हलत नाही.

डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या-मेनूंची मांडणी, म्हणून मी एक्सएफसीई ही हलकी मांडणी वापरते. याहून हलके पर्याय आहेत. पण खिडक्यांना चौकटी नसलेल्या, सगळे कीबोर्डवरून चालवायच्या मांडण्या घरातल्या दुसऱ्या माणसाला वापरता येत नाहीत, आणि वाचतात त्या शंभर-दीडशे एमबी ब्राउझरचा एक टॅब गिळून टाकतो. एक्सएफसीईमध्ये खिडक्यांच्या सावल्या आणि पारदर्शकता एका खुणेने बंद करता येते. मदरबोर्डवरच्या जुन्या ग्राफिक्सला तेवढाच श्वास मिळतो.

पैसे घालायचेच असतील, तर आधी एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या डिस्कवर, घाला. जी31 च्या बोर्डावर साटा या डिस्कच्या जोडणीचा वेग सेकंदाला 3 गिगाबिटच असल्याने नवी एसएसडी तिथे निम्म्या वेगाने धावते, आणि तरीही माझा संगणक सुरू होण्याचा वेळ अडीच मिनिटांवरून चाळीस सेकंदांच्या आत आला, कारण फिरत्या हार्डडिस्कला खरी दमछाक होते ती विखुरलेल्या लहान लहान फाइली गोळा करताना. दुसरा खर्च मेमरीचा. माझ्या बोर्डावर डीडीआर2 या जुन्या प्रकारच्या मेमरीच्या दोनच खाचा असून त्यात मिळून 4 जीबीच्या पुढे जाता येत नाही. त्यापुढचे काम झेडरॅम करते: मेमरीतलाच एक भाग राखून त्यात, सध्या न लागणारी माहिती दाबून ठेवली जाते, जशी आपण हिवाळ्यानंतर गोधड्यांची घडी बांधून दिवाणात ठेवतो. प्रोसेसरला थोडे जास्त काम पडते, पण डिस्कवर स्वॅप करण्यापेक्षा, म्हणजे तीच माहिती डिस्कवर नेऊन ठेवण्यापेक्षा, ते कितीतरी वेगवान असते. ही सोय 2014 पासून मूळ कर्नेलमध्येच आहे आणि तिला एक पैसा लागत नाही.

आता नागपूरचा भाग. या शहरात 23 मे 2013 रोजी 47.9 अंश तापमान नोंदले गेले आहे, आणि जुन्या संगणकांपैकी निम्मे तरी सॉफ्टवेअरने मरत नाहीत, ते उन्हाळ्याने आणि कुलरने मरतात. कुलर समोर असला की दमट वारा वाळ्याचे बारीक तुकडे आणि रस्त्यावरची धूळ कॅबिनेटमध्ये नेऊन बसवतो, आणि प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांत त्याचा नमदा तयार होतो. मी पहिल्यांदा झाकण उघडले तेव्हा तो नमदा अखंड, चपातीसारखा निघाला. खालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे पोचवणारा लेप, खडूसारखी सुकली होती. ती स्पिरिटने पुसून, वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावून मी हीटसिंक परत बसवला आणि दहा मिनिटांत संगणक आपोआप बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. त्या जातीचा हीटसिंक चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसतो आणि प्रत्येक खुंटी ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत दाबावी लागते. माझ्या चौथ्या खुंटीने टक् केलेच नव्हते, त्यामुळे एक कोपरा केसभर उचललेला होता. बोर्ड बाहेर काढून, मागच्या बाजूने चारही खुंट्यांची टोके फाकलेली पाहिली, तेव्हा कुठे तापमान 60 च्या खाली थांबले. तेव्हापासून दर वर्षी होळी झाली की मी झाकण उघडते, आणि संगणक कुलरच्या वाऱ्याच्या वाटेतून हलवला आहे.

सेल बदलणे हे तर दहा मिनिटांचे काम आहे, पण त्यावाचून लोक यंत्र भंगारात देतात. मदरबोर्डवरचा सीआर2032 हा चपटा सेल संपला की वीज गेल्याबरोबर घड्याळ मागे जाते. तारीख चुकली की ब्राउझर संकेतस्थळांची प्रमाणपत्रे नाकारतो आणि एकही पान उघडत नाही. घरच्यांना वाटते की नेट बंद आहे. मानेवाड्याच्या एका कुटुंबाने याच समजुतीतून दोनदा राउटर बदलला होता.

ब्राउझरकडे परत येते, कारण सगळे तिथेच ठरते. जाहिराती अडवणारे यूब्लॉक ओरिजिन बसवले की बातम्यांच्या पानांचे वजन इतके उतरते की मी ते चैन म्हणून न बसवता गरज म्हणून बसवते. यूट्यूब हल्ली बहुतेक व्हिडिओ व्हीपी9 किंवा एव्ही1 या व्हिडिओ दाबून बसवण्याच्या नव्या पद्धतींत पाठवते, आणि माझ्या ग्राफिक्सला त्या उलगडता येत नसल्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर पडतो; ब्राउझरला एक छोटे एक्स्टेंशन (जोड) लावून एच.264 या जुन्या पद्धतीतला व्हिडिओ मागवला आणि 480पी या कमी स्पष्टतेवर समाधान मानले, तर चित्र अडखळत नाही. व्हिडिओ कॉलमध्ये मात्र येणारे चित्र उलगडायचे आणि जाणारे चित्र बांधायचे, अशी दोन्ही कामे एकदम येतात आणि प्रोसेसरच्या दोन कोअरांची दमछाक होते. ते काम मी फोनवर करते आणि यात मला कमीपणा वाटत नाही.

काही यंत्रांना मी नाही म्हणते. इंटेलच्या त्याहून जुन्या पेंटियम 4 च्या प्रेस्कॉट पिढीतले प्रोसेसर एकटेच 84 वॉट किंवा त्याहून जास्त उष्णता टाकतात आणि काम माझ्या 65 वॉटच्या कोअर 2 ड्युओपेक्षा पुष्कळच कमी करतात. आज 6 वॉटचा इंटेल एन100 या दोघांनाही सहज मागे टाकतो. दिवसाला आठ तास यंत्र चालणार असेल, तर विजेच्या बिलाचा हिशेब मांडून मी स्वतःच वापरलेला छोटा संगणक घ्या म्हणून सांगते. बोर्डावरचे कपॅसिटर (छोट्या डब्यांसारखे उभे भाग) डोक्यावर फुगलेले दिसले, तरी नाहीच.

तर, आणणार असाल तर रविवारी सकाळी अकराच्या आत आणा. दुपारी मी स्क्रू हातात घेत नाही. नुसते कॅबिनेट पुरेसे आहे, मॉनिटर आणि माउस माझ्याकडे आहेत. त्यातल्या डिस्कवर लग्नाचे, बारशाचे फोटो असतील, तर सोबत एक रिकामी पेनड्राइव्ह ठेवा. आधी ते काढून घेऊ, झाकण नंतर उघडू.