छातीवर ६० किलो

आज पहाटे कोल्हापुरात राजारामपुरीतल्या जिममध्ये मी एकटाच. बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं पडून बार छातीवरून वर ढकलायचा. त्याचा आठवा रेप (आठव्यांदा ढकलणं) अर्ध्यात अडकला आणि ६० किलोचा बार छातीवर! नशीब, आळसानं प्लेटा बारवर धरून ठेवणाऱ्या क्लिपा लावल्या नव्हत्या. एका बाजूला कलंडून प्लेटा पाडल्या; लगेच दुसरी बाजू जोरात खाली आपटली. खालचा चहावाला पळत वर, "काय पडलं वो?"

आजोबा गंगावेस तालमीत जायचे. तिथं जोडीदार असतोच म्हणा.

उद्यापासून बेंच प्रेस रॅकमध्येच, म्हणजे लोखंडी चौकटीत. तिच्या सेफ्टी पिना (पडता बार अडवणाऱ्या आडव्या सळ्या) उंचीनं फुगवलेल्या छातीच्या जरा खाली, पण गळ्याच्या वर. अंगठा बारभोवती. एकटा असलो की दोन रेप शिल्लक ठेवूनच थांबायचं.

बायकोला सांगितलेलं नाही. ती फेसबुकवर नसते. सासूबाई असतात, हे आत्ता आठवलं.