दुपारी ट्रेलरची भट्टी

आज कॅम्पर ट्रेलरने, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायच्या आमच्या फिरत्या घराने, चांगलाच धडा शिकवला. सकाळी झाडाची गार सावली बघून खूश होऊन तिथेच लावला. सूर्य सरकतो हे शाळेत शिकलोय, पण तेव्हा आठवायला नको! दोन वाजता सावली पलीकडे आणि आत ४१ अंश.

आधी सगळ्या खिडक्या उघडून छतावरचा पंखा फुल केला. काडीचाही फरक नाही. मग डोकं चाललं: सावलीकडची खालची एकच खिडकी उघडी ठेवली, बाकी बंद, आणि पंखा हवा बाहेर फेकेल असा फिरवला. गरम हवा वर जमते, ती वरून गेली की खालून त्यातल्या त्यात गार हवा ओढली जाते. दहा मिनिटांत झुळूक जाणवली.

ऊन परतवायची चकचकीत शीटही खिडक्यांना आतून लावली होती. म्हणजे ऊन काच ओलांडून आत आल्यावर अडवायचं! बाहेरून बांधली तेव्हा कुठे बरं वाटलं.

ट्रेलरला सावली हवी, छतावरच्या सोलर पॅनलला ऊन. या दोघांचं भांडण मात्र मिटलेलं नाही. चहा बाहेरच केला. आत गॅस पेटवायची हिंमत नव्हती.